बूट कोण धरणार

क्लीथॉर्प्सला ओहोटीत समुद्र दिसत नाही.
तो मैलभर मागे सरून बसतो
आणि पुढे नुसता चिखल,
खरकट्या ताटासारखा ओलसर.

जत्रा रविवारीच आवरून गेली होती.
एकच मनोरा उरलेला, लाल-पिवळ्या पट्ट्यांचा,
भोवती गोलगोल उतरणारी घसरगुंडी.
पाटीवर: गॉडबी आणि मुलगे.
मुलगे कुठे दिसले नाहीत.

आई ब्याऐंशीची.
सकाळी तिने मला आबा म्हटलं होतं, दुपारी कंडक्टर.
कोटाच्या खिशात कॅफेतून उचललेल्या साखरेच्या पुड्या.
गॉडबीने चटई दिली, ती तिने नाकाशी नेली.
'काथ्या,' म्हणाली. 'खाडीत कुजवलेला.'
वेंगुर्लं सुटल्यावर किती दिवसांनी
इतकं बरोबर काही.

दोन पौंड. बूट काढून.
'बूट कुणीतरी हातात धरायचे,' गॉडबी म्हणाला,
'खाली टेकवायचे नाहीत.'
मला हसू आलं. देवळाबाहेर जन्मभर हेच तर केलं:
सगळे गाभाऱ्यात, मी चपलांपाशी.

ती खाली आली आणि उभी राहिली. सरळ.
काठी मागितली नाही.
'मुकुंदा, अरे, गॅस बंद केलास ना?'

दीड वर्षांनी माझं नाव.

मी केमिस्ट आहे. दिवसाला शंभर माणसांना सांगतो,
दुष्परिणाम वाचा, मगच घ्या.
मी काही वाचलं नाही. पाकीट काढलं.

दुसऱ्या फेरीत तिचे केस करडे झाले.
तिसरीत तिला आठवलं
बाबांनी कुणाकुणाचे पैसे बुडवले ते, आकड्यांसकट,
आणि मला गोवर आला तेव्हा शेजारीण काय म्हणाली ते.
मी ऐकत होतो. बूट जड होत होते,
ओल्या वाळूने भरल्यासारखे.
गुडघ्यात काहीतरी करकरलं.
मग एक दाढ सुटून जिभेवर आली,
चिंचोक्यासारखी गुळगुळीत.

'पुरे आता,' मी म्हणालो,
पण आवाज आबांचा निघाला.
ती तोवर पायऱ्यांवर होती, दोन-दोन चढत,
आणि गॉडबी तिकीट न फाडताच वर सोडत होता.

शेवटची फेरी मी नीट पाहिली नाही, डोळ्यांपुढे धुकं.
वेणी दिसली. अंगाला मोठा झालेला कोट.
वीस-बाविसाची असेल.
मी बूट पुढे केले,
तिच्या कुरुपांचा आकार आलेले, एका बाजूला फुगलेले.
'माझे नव्हेत,' ती म्हणाली. मग वळून, मायेनं:
'आजोबा, इतक्या गारठ्यात कुणाची वाट बघताय?'
'आईची.'
'येईल हं.'
दातांनी साखरेची पुडी फाडत ती अनवाणी निघून गेली,
स्टेशनच्या दिशेला,
जिथून तिला कुठेही जाता आलं असतं,
कारण अजून तिचं कुणीच झालेलं नव्हतं.

भरती लागली होती. चिखल आवाज करत होता.
गॉडबीने एकेक दिवा मालवत आणला,
शेवटचा ठेवला.
मी तेव्हा पाहिलं, त्याच्या खोपटात, भिंतीशी,
बुटांच्या जोड्या, लहान मापाच्याही.
'तुमची पाळी,' म्हणाला. 'पैसे नकोत.
फक्त बूट कोण धरणार, तेवढं सांगा.'

रेवती पोहायला गेली होती. बारा वर्षांची.
साडेपाचला सुटते. म्हणाली होती, बाबा,
मी परस्पर तिकडेच येते, आजीला भेटायला.

मी नाही म्हणालो. मला वाटतं मी म्हणालो.

वळणावर नऊ नंबरची बस दिसली,
खिडकीत एक ओलं डोकं.
मी वाकून बुटाच्या नाड्या सैल करत होतो.
पाय सुजले होते. घट्ट होत होत्या.
एवढंच.