सहाची प्रार्थना, डेट्रॉइट

भाकरीच्या ओळीपर्यंत आलो होतो,
तोच ओडेसा उठली.
आमेन आमच्यावर टाकून
सपातांनिशीच बर्फात गेली.

समोर मार्व्हेलाच्या घरापुढे
पाणी तोडायला आलेली गाडी.
फुटपाथमधल्या लोखंडी झाकणावर
ओडेसा उभी राहिली,
एकाहत्तर वर्षांची,
बोट अजून प्रार्थनेच्या पुस्तकात.

थॅडियस म्हणाला, आधी पूर्ण करू.
डोळे मात्र कुणाचेच मिटेनात,
त्याचेही.

मग जो तो कोट शोधू लागला.

झाकण ताटाएवढं.
अकरा माणसं त्यावर मावत नाहीत;
बुटांवर बूट ठेवून,
एकमेकांच्या बाह्या धरून
कशीबशी मावलो.

कामगार पाना घेऊन थांबला.
म्हणाला, उद्या परत पाठवतील मला.

ओडेसानं बोट पानातून काढलं नाही.
"उद्याही सहालाच असतो आम्ही."