दुसरा खिळा

नाव नाही त्याला. एक साल, दोन अक्षरं, पुढे आकडा,
गिरणीच्या हजेरीपटावर असायचा तसा.
आज रात्री पावणेदोनला तो आपल्याजवळून जाणार.
जवळ म्हणजे, चंद्राच्या पाचपट लांबून.
अम्मा म्हणाली, ह्याला जवळ कोण म्हणतंय?

विडी घरकुलातली गच्ची. एप्रिल.
फरशी अजून तळव्यांना चावते.
दोन बादल्या पाणी ओतलं, ते वाफ होऊन गेलं,
मग दुर्बीण मांडली,
कॉलेजच्या प्रयोगशाळेतून माझ्या सहीवर आणलेली.
दिवा बंद कर म्हटलं तर अम्मानं केला,
आणि अंधारातच विड्या वळत राहिली.
तिच्या बोटांना उजेड कधी लागलाच नव्हता.

नायनांनी एकेचाळीस वर्षं जॅकार्डचे पुठ्ठे ठोकले.
भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली,
एवढ्याच दोन शब्दांत त्यांनी चादरींवर मोर बसवले,
कमळं, कुणाकुणाच्या लग्नाच्या तारखा.
मग तेच दोन शब्द बोलणारं यंत्र आलं.
भोंगा तर त्याच्याही आधी गेला.
नायना अजून पावणेसहाला उठून बसतात.

"रस्ता कसला असतोय त्याचा?"
लंबवर्तुळ, मी म्हणाले.
शब्द त्यांना आवडला नाही.
खाली जाऊन मागाची जुनी फळी घेऊन आले,
हातोडी, दोन खिळे, खळ दिलेलं वावभर सूत.
"दाखव."

मी दाखवलं. सुताला गाठ मारून दोन्ही खिळ्यांभोवती फास,
फासात खडू, सूत ताणून धरायचं, फिरवायचं.
इथे शुक्राच्या शेजारून जातो, तेव्हा पळतो.
इथे मंगळापलीकडे, तेव्हा रेंगाळतो.
ह्या खिळ्यावर सूर्य.
"आन् ह्याच्यावर कोण?"
कोणी नाही, नायना. तिथे काहीच नसतं.

त्यांनी तो खिळा उपटला.
सूत लोंबलं. खडू फिरवला
तर नुसतं गोल, घाण्याच्या बैलासारखं.
बराच वेळ गोलाकडे बघत बसले.
मग त्याच भोकात खिळा परत ठोकला, तीन घाव.
"नसलेलंबी ठोकावं लागतंय की," म्हणाले,
आणि तंबाखूची डबी शोधायला लागले.

पावणेदोनला तो होता.
शंभर ठिपक्यांतला एक ठिपका.
दीडला तो शेजारच्या ताऱ्याच्या डावीकडे होता,
आता उजवीकडे. ओळख म्हणावी तर एवढीच.
नायनांनी श्वास धरून पाहिलं, तुटलेला धागा शोधताना धरायचे तसा.
अम्मानं एका डोळ्यानं पाहिलं, दुसऱ्यावर हात,
हाताला तंबाखूचा वास.
"एवढासा? विडीच्या टोकाएवढाबी नाही. उगं जागवलीस."
पण लगेच उठली नाही.

परत कधी येलालाय, नायनांनी विचारलं.
फेऱ्या तो मारतच असतो, मी म्हणाले,
पण आपली न् त्याची गाठ पडायला एकोणीस वर्षं.
कोणी बेरीज केली नाही.
खाली अक्कलकोट रोडवरून एक ट्रक गेला,
टॉवेलांचे गठ्ठे, मागे लाल दिवा,
वळेपर्यंत आम्ही तिघंही त्याच्याकडेच बघत होतो.

सकाळी फळी जिन्यात भिंतीला उभी होती.
खडूची रेघ अर्धी पुसलेली, मंगळाकडची.
अम्मानं पानं कापायची कात्री
दुसऱ्या खिळ्याला अडकवली होती.
का, विचारलं, तर म्हणाली,
हाताशी येतोय.