दोन चुका उंच

सिंधरोटच्या अलीकडे, तूर निघालेल्या शेतात
सकाळी सातला आम्ही:
मी, ध्रुविल, त्याची ॲक्टिव्हा,
आणि तिच्या चाकाला टेकून पांढऱ्या फोमचं विमान.
पंख डोक्यावर घेतलेलं.
शिकाऊंचं असंच असतं म्हणाला, आपोआप सावरतं.
माझ्यापेक्षा बरं.

बांधावरच्या बाभळीत उत्तरायणातले पतंग अजून लटकलेले.
त्यांच्याकडे बघून मी म्हटलं, मला येतं रे हे.
मांडवीच्या गच्चीवर भावाआधी माझी फिरकी रिकामी व्हायची.
तो काही बोलला नाही. करंगळी दाखवली.
तीन टाके.
"मासी, आधी रिमोट चालू, मग बॅटरी.
उतरल्यावर आधी बॅटरी, मग रिमोट.
उलटं केलं की पंखा बोट मागतो."

चिमूटभर माती सोडली. वारा महीकडून.
त्याने भाल्यासारखं फेकलं, वर नेलं,
दोन रिमोटांमधल्या वायरीतून
ते माझ्याकडे दिलं.

आणि हातात काहीच आलं नाही.

पतंग बोलतो. कुठे हवा मेली, कोण घासायला आलंय,
दोर सगळं बोटाला सांगतो.
इथे अंगठ्याखाली काडेपेटीतल्या काडीएवढी दांडी,
आणि तिकडे दीडशे हातांवर एक पंख कलतो
जसा दुसऱ्याच कुणाचं ऐकून.
ढील देऊ म्हटलं तर कशाला देऊ?

जाताना तरी सोपं होतं.
मग ते वळलं आणि तोंड माझ्याकडे करून येऊ लागलं.
मी डावं दिलं, ते उजवीकडे पडलं.
आणखी डावं दिलं.
"एनुं डाबुं, मासी! तमारुं नहीं!"
तोवर ते शेजारच्या एरंडात, नाक मोडून.

ध्रुविल हसला नाही, याचंच जास्त लागलं.
टेप दातांनी तोडता तोडता म्हणाला,
नेहमी दोन चुका उंच उडायचं.
एक चूक होणारच.
दुसरी ती सावरताना होते.
त्यानंतरही खाली थोडी हवा उरली पाहिजे.
आणि समोरून येताना, जो पंख खाली जाईल
त्याच बाजूला दांडी. त्याला टेकू दिल्यासारखी.

टेकू. हे मला कळलं.

एकतीस वर्षं रावपुऱ्याच्या पोस्टात खिडकीमागे बसले.
लोक समोरून फॉर्म सरकवायचे,
मी तो फिरवून न घेता, उलटाच वाचायचे.
रजिस्टर, मनीऑर्डर, थरथरत्या हातांच्या सह्या.
त्यांचं डावं माझं उजवं,
आणि एकही पैसा चुकीच्या घरी गेला नाही.

तिसऱ्या बॅटरीला ते परत माझ्याकडे वळलं,
नाकावर खाकी टेपची पट्टी, भांडून आलेल्या पोरासारखं.
उजवा पंख की डावा, असं मी विचारलंच नाही.
जो खाली गेला, त्याला टेकू दिला.
जरा जास्तच दिला.
ते डुललं, हातभर खचलं,
आणि डोक्यावरून गेलं, गुणगुणत,
ओळखीचं कुणी खिडकीसमोरून जातं तसं.

उतरवलं ध्रुविलनेच. ते अजून माझं काम नाही.
पण खाली आलं तेव्हा
माझी एक चूक वापरायची राहिली होती.

मी धुळीतून धावत गेले,
इंजेक्शनवाली सिस्टर घालते तसा घाईने हात घातला,
आणि थांबले.

आधी बॅटरी.
मग रिमोट.