सळ्यांची वही

वही लांबट आहे, दूध संस्थेची जुनी,
मागच्या पानांवर अजून फॅटचे आकडे,
पुढच्या पानांवर डोंगर.
जिनगोंडा चौगुले मास्तर, माझे वडील.
कुंभोजमागच्या माळावर त्यांनी एक्केचाळीस सळ्या ठोकल्या
मी सहावीत असताना. बांधकामातून उरलेल्या,
हातभर लांब, जमिनीशी सपाट,
डोक्याला तांबडा ऑइलपेंट.

दिवाळीआधी एक दिवस आम्ही जायचो.
मी गुडघ्यांवर, पट्टी घेऊन. ते उभे, वही घेऊन.
"सात नंबर?"
"चार मिलिमीटर."
"नीट बघ."
"साडेचार."
सळी वर आली नव्हती,
जमीन खाली गेली होती.
हे कळायला मला पट्टी पुरली नाही, वर्षं लागली.

इकडं पाऊस कमी. पन्हाळ्याकडं ढग अडतात,
आमच्यापर्यंत येतात ते झटकलेल्या पोत्यासारखे.
पण एखाद्या साली हस्त बिनसतो.
चाळीस मिनिटं. बस्स.
गवत नसलेल्या माळाला तेवढी पुरतात.
सकाळी बघावं तर एकेका खड्याखाली
बोटभर मातीचा खांब,
खड्यानं आपल्यापुरतं छप्पर धरलेलं,
बाकीची माती ओढ्याच्या रंगात.

आणि वगळ. ती उलट्या काळजाची.
पाणी खाली पळतं, वगळ वर चढते,
पायथा कोरत, आपलाच काठ
आपल्यावर पाडून घेत.
शहाण्णवला ती बोरीपासून बावीस पावलं होती.
दोन हजार चारला बोर वगळीत होती,
मुळं वर, तरी बोरं लागलेली.

बिरू पुजारी मेंढरं हिंडवता हिंडवता थांबायचा.
"मास्तर, डोंगूर मोजून दर वाढणार हाय व्हय?"
वडील हसायचे नाहीत.
"डोंगर खाली निघालाय, बिरू.
कुणीतरी सोबतीला पाहिजे."

अडतीस नंबरची सळी पायथ्याला, अक्काताईच्या रानाकडेला.
ती दरवर्षी बुडायची. वजा तीन. वजा सहा. मग सापडेचना.
मी उकरायला लागले तर म्हणाले, राहू दे,
वरची माती इथं हाय, एवढंच लिही.
त्या रानात हरभरा मांडीला लागायचा
आणि अक्काताई बाहुबलीच्या डोंगराकडं बघून हात जोडायची.
डोंगर बरोबर होता, फक्त तो नव्हे.

सात सळ्या भंगारात गेल्या.
एकीला कुणी शेळी बांधली.
वहीत 'कारण' असा रकाना होता:
पाऊस, पाऊस, मेंढरं, पाऊस, शेळी.

ते गेल्यावर दुसऱ्या दिवाळीत मी एकटी गेले.
एक ते एकोणीस, तिथं उतारच नव्हता.
मुरूम नेला होता, नव्या रस्त्याच्या भरावाला.
कापलेल्या कड्यात सगळं उघडं:
वर वीतभर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या,
मग कांद्यासारखे पापुद्रे सुटलेला काळा दगड.
डोंगर आतून कसा म्हातारा होतो
ते त्यांनी बत्तीस वर्षं
फळ्यावर खडूनं काढून दाखवलं. हे त्यांनी बघायला हवं होतं,
असं मनात आलं, आणि लाज वाटली.

मशीनवरचा पोरगा भला होता.
"तीन दुपारी लागल्या, ताई."
मी हिशोब केला. करायला नको होता.
कडा सहा मीटर, वर्षाला चार मिलिमीटर.
दीड हजार वर्षं.

बारा नंबर तेवढी राहिलेली,
कापाच्या ओठावर लोंबत, पूर्ण उघडी.
हातभर.
पट्टी लावली. नीट बघितलं.
वहीत आकडा लिहिला, पुढं कारण: रस्ता.
मग त्याच रस्त्यानं घरी आले.
गाडीला एक हादरा बसला नाही.