वयाची साक्ष

चाळीस वर्षं मी पाणीखात्यात होतो.
रात्री, रहदारी थांबल्यावर,
रस्त्याला कान लावून सांगायचो
नळ कुठे गळतोय ते.
आता निवृत्त आहे, आणि दर मंगळवारी
हेरफर्डच्या दप्तरखान्यात
दे व्हर्नकूर घराण्याची गळती शोधतो.

सुरुवात पुरापासून झाली.
फेब्रुवारीत नदी चर्चमध्ये शिरली,
गाळ उपसताना माझ्या बुटाखाली
एक सरदार लागला.
दगडाचा. नाक झिजलेलं, पायाशी कुत्रा,
ढालीवर तीन बगळे.
नाव वाचता येत नव्हतं.
बिननंबरचा पाइप मला कधीच खपला नाही.

मिस ग्रोव्ह पेन काढून घेते, पेन्सिल देते.
चर्मपत्र उलगडते आणि त्याच्या दोन्ही अंगांना
शिशाचे मणी भरलेल्या कापडी वळकट्या ठेवते,
तान्ह्या बाळाला लोड लावावेत तशा.

वरचा भाग सोपा आहे.
राल्फचा गिल्बर्ट, गिल्बर्टचा राल्फ,
राल्फचा पुन्हा गिल्बर्ट:
रहाटाच्या पोहऱ्यांसारखे, एक वर, एक खाली.
बायका बहुतेक 'आणि त्याची पत्नी'.
एकीच्या जागी नुसतं भोक,
उंदराने खाल्लं की काय, कोण जाणे.
शेवटचा गिल्बर्ट फ्रान्समध्ये हगवणीने गेला.
कागद म्हणतो, राजाच्या सेवेत.
मागे मुलगा नाही.
इथे दाब एकदम पडतो.

तीन मंगळवार मी त्या सांध्यापाशी बसून होतो.
चौथ्या मंगळवारी मिस ग्रोव्ह म्हणाली,
वयाची साक्ष पाहिलीत?

मुलगी होती.
बाप गेल्यावर तिचं पालकत्व राजाकडे,
राजाने ते विकलं, घेणाऱ्याने तिला
आपल्या मुलाशी लावून दिलं.
आता वतन हाती यायचं तर
तिला चौदा पूर्ण झाली हे सिद्ध करायला हवं,
आणि जन्माची नोंद कुठेच नाही.
म्हणून गावची बारा माणसं बोलावली.
शपथेवर विचारलं, तुमच्या कसं लक्षात आहे?

जॉन अ‍ॅटवेल, वय पन्नास:
त्या दिवशी सफरचंदाच्या झाडावरून पडलो,
नडगी मोडली. (दाखवतो.)
वॉल्टर पिंच: माझी गाय ओढ्यात बुडाली.
ह्यू, गिरणीवाला: दाई आणायला मी घोडा दिला,
तो लंगडत परत आला,
भरपाई अजून मिळालेली नाही.
कारकुनाने तेही लिहून घेतलं.

मग रॉजर, कौलं शाकारणारा:
त्याच दिवशी मी माझी मुलगी पुरली.
आम्ही बाहेर येत होतो,
ते बाळाला आत नेत होते.
दारात वाट द्यायला मी बाजूला झालो.
कुणीतरी म्हणालं, हिचं नाव अ‍ॅव्हिस ठेवणार.
माझीचंही तेच होतं.

बाकी सगळ्या दप्तरात ती
'सदरहू कन्या'. जमिनीच्या एकरांसकट,
दोन गिरण्या आणि मासळीच्या तळ्यासकट
सदरहू कन्या.
नाव सापडलं ते एवढ्या एका ओळीत.

पुढचं लवकर संपतं.
तिला दोन मुलगे, बापाच्या नावाचे.
तीन बगळे दुसऱ्याच्या ढालीत गेले,
खालच्या कोपऱ्यात, माश्यांएवढे.

आमच्या खात्यात गळती सापडली की
रस्त्यावर निळी फुली मारायची.
खणायचं काम दुसऱ्याचं.
मी तक्त्यावर, अ‍ॅव्हिसच्या शेजारी,
रेघेच्या बाहेर, पेन्सिलने फुली मारली.
कशासाठी ते लिहायला चौकट नव्हती.

वरच्या काठाशी दगडी सरदार आता कोरडा आहे.
गावाला त्याचंच नाव: स्टोक व्हर्नकूर.
तसं म्हणत मात्र कुणी नाही.
सव्वापाचच्या बसचा चालक
पास बघून विचारतो, व्हर्नकर?
मी हो म्हणतो, आणि खिडकीपाशी बसतो.