पाणथरी

तार्तूत तीनलाच अंधारून येतं.
हेल्व्ही दिवा लावते, चष्मा पुसते
आणि पाणथरीचा लेख उघडते.

काल रात्री रोसारिओच्या एसेकियेलनं
शीर आणि धमनीची अदलाबदल निस्तरली;
ड्युनेडिनचा म्हातारा क्ष-किरणवाला
आकृतीतला बाण नखभर सरकवून
झोपायला गेला.
तिघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही,
स्वल्पविरामावरून मात्र दोनदा भांडून झालंय.

आज एकच वाक्य अडलंय:
‘पाणथरी काढली तरी माणूस जगतो.’
हेल्व्हीचा हात आपसूक डाव्या बरगडीखाली जातो,
एकोणऐंशी सालच्या टाक्यांवर.
त्या ‘तरी’त काय काय मावतं ते तिला विचारा:
साध्या तापाची धास्ती,
ठरल्या वर्षी ठरलेली सुई,
नातवाला शिंक आली की हिची खोली वेगळी.

पण नवख्यांना नियम तिनंच शिकवलाय:
स्वतःचं अंग पुरावा म्हणून चालत नाही.

ती लोकरी टोपी ओढते, बर्फात उतरते.
वाचनालय पाचला बंद होतं.

मागे, उजळत्या पडद्यावर,
वाक्याच्या शेपटाला
तिनंच अडकवलेली चिठ्ठी:
संदर्भ हवा.