तयारी: पाच मिनिटं

लीफला एका हातानं पाजता पाजता
दुसऱ्या हातानं मी तीन नमुना-पुस्तिका टेबलावर मांडल्या आहेत.
बाहेर उणे सव्वीस. सुपीरियर सरोवर
काठापासून दूरवर पांढरं, त्यापलीकडे वाफाळणारं.
टोर खाणीवरून सकाळी सातला येईल.
तोवर ठरवायचं आहे,
या वर्षी आमच्या घरात विज्ञान
कुठल्या खोक्यातून येणार.

पहिली देखणी आहे.
चकचकीत कागद, प्रत्येक मूल स्वच्छ, प्रत्येक बरणी भरलेली.
पहिल्याच धड्याला लागते तांब्याची तार,
ऊर्ध्वपातित पाणी, एकसारखे बारा पेले,
आणि लाल कोबीचा रस, उकळून, गाळून,
"आदल्या रात्री करून ठेवावा."
नमनालाच घडाभर तेल.
आमच्याकडे एकसारखे दोन पेलेसुद्धा नाहीत,
आणि आदली रात्र म्हणतात ती
ऑक्टोबरपासून कुणी पाहिलेली नाही.

दुसरीत तयारी शून्य. कारण करायचंच काही नाही.
बेडकाच्या चित्रात रंग भरा.
'बेडूक' या शब्दाला गोल करा.
आन्डर्स पाच वर्षांचा आहे. त्याच्या कोटाच्या खिशात
मागच्या उन्हाळ्यात एक बेडूक तीन तास राहून गेला.
त्याला गोल करायला सांगायची माझी छाती नाही.

तिसरी पातळ, नुसती काळ्या शाईतली,
पिना गंजलेल्या.
"एक वाटी बर्फ घ्या. खिडकीत ठेवा.
काय होईल ते मुलांना विचारा.
उत्तर सांगू नका.
तयारी: पाच मिनिटं."
त्या पाचावर मी बोट ठेवून बसते,
हॉटेलात किमतीचा रकाना आधी वाचणाऱ्या माणसासारखी.
बर्फ दाराबाहेर आहे, छातीइतका, फुकट.
मग या पुस्तिकेचे तरी पैसे कशाचे?

पेन शोधायला खणात हात घातला
तर कॅलेंडरचं फाडलेलं पान हाती आलं.
पाठीमागे सोल्वेचं अक्षर,
सात वर्षांचं, उजवीकडे डोंगर चढत गेलेलं.

ओला कापूस. बशी. सहा वाटाणे.
"उद्या बघू हं," म्हणून मीच ठेवले होते,
आणि त्या रात्री मला डुलुथच्या इस्पितळात नेलं.
हा सात आठवडे आधी आला.
अठरा दिवसांनी घरी आले तेव्हा बशी धुतलेली होती.
मी विचारलंही नाही.

सोमवार. काही नाही.
मंगळवार. फुगले. आन्डर्सनं एक खाल्ला. त्याला काही झालं नाही.
बुधवार. एकाला शेपूट.
शुक्रवार. काल विसरले.
शनिवार. बाळ काचेच्या पेटीत आहे. बाबा म्हणाले तिथे ऊब असते.
मी बशी शेगडीजवळ नेली.
रविवार. दोघांना पांढरे केस. वास येतो.
मंगळवार. आजी म्हणाली फेक. नाही फेकले.
गुरुवार. एक हिरवा.
शेजारी पट्टीनं मारलेली उभी रेघ, आणि पुढे:
एवढा.

ती रेघ मी लीफच्या तळव्याला लावून पाहिली.
तळवा केव्हाच पुढे गेलाय.

सगळ्यात खाली आणखी एक ओळ, खोडलेली.
कागद दिव्यासमोर धरला तर वाचता येते:
बाकीच्यांचं काय चुकलं?

उत्तर सांगू नका, पुस्तिका म्हणते.
बाई, मला येत असतं तर ना.

मागणीचा अर्ज भरते. तिसरीचाच.
मुलं किती, या चौकोनात दोन लिहिते,
मग खोडून तीन.
पोचायला दहा दिवस लागतील, रस्ता उघडा राहिला तर.
लीफ झोपलाय, तोंडात दूध तसंच.
त्याला उचलायला हवं, दंड बधिर झालाय,
पण आधी ते पान
फ्रिजच्या दारावर लावायचं आहे, लिहिलेली बाजू वर,
आणि चुंबक एकही सापडत नाही:
सगळे मुलांनी कुठेतरी
काहीतरी चिकटतं का पाहायला नेलेत.